पाटावरचा राउटर

बारा दिवस चाललेलं गणित सकाळी सुटलं होतं, पण उत्तर संगणकातून बाहेर जाईना. कर्करोगावरचं औषध शोधणाऱ्या एका प्रकल्पासाठी जगभरातले लोक आपापल्या घरचा संगणक फुकट राबवत होते. अच्युतराव त्यांपैकी एक. उत्तर दुपारी दोनपर्यंत पोचलं नाही, तर बाद होणार होतं.

अच्युतराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. बिघाड शोधायचा तो आपल्या टोकापासून, ही त्यांची शिस्त. त्यांनी आधी प्रोग्राम तपासला, मग संगणक बंद करून चालू केला, मग वायफायची सेटिंग्ज पाहिली. दीड वाजता इंटरनेट कंपनीला फोन लावला.

"काका, राउटरचा कोणता दिवा लागलाय?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

ते बाहेरच्या खोलीत गेले. राउटर वायर काढून पाटावर ठेवलेला होता. एका बाजूला कात्री, दुसऱ्या बाजूला विळी, वर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल.

"कुमुद, हे काय?" त्यांनी बायकोला विचारलं.

"खंडेनवमी आहे. आज हत्यारांना विश्रांती."

"अगं, कॅन्सरच्या औषधाचं काम अडलंय त्याच्यावाचून!"

कुमुदताई निवृत्त नर्स. त्या ताडकन उठल्या. "मग आधी नाही का सांगायचं? वॉर्डात आम्ही इंजेक्शनच्या ट्रेची पूजा करायचो आणि तोच ट्रे घेऊन पेशंटकडे निघायचो."

त्यांनी स्वतः पाट उचलून प्लगजवळ नेला आणि राउटरची वायर जोडली. दोनला चार मिनिटं असताना उत्तर गेलं. फूल मात्र त्यांनी काढू दिलं नाही.