मोठ्या मापाचा बेल्ट

वर्ल्ड कपचे पाहुणे यायच्या आत आखातातल्या अल गराफाच्या रस्त्याकडेच्या खजुरींच्या वाळक्या झावळ्या उतरवायच्या होत्या. रत्नागिरीचा फुजैल लहानपणापासून माडावर चढलेला, पण अंगानं चांगलाच आडदांड. झाडावर चढायच्या बेल्टचं बक्कल काही केल्या त्याच्या कमरेला लागेना.

"बेल्ट बसत नाही त्यानं झाडाला हात लावायचा नाही," सेफ्टी ऑफिसर श्रेयसनं सगळ्यांसमोर दम भरला. मग मात्र मोठ्या मापाच्या बेल्टसाठी तो हात धुऊन ऑफिसच्या मागे लागला. फुजैलला यातलं काही बोलला नाही. आला की देऊच, असं मनाशी म्हणाला.

मधे रमजान संपला, ईद झाली. तरी जेवणाच्या सुट्टीत फुजैल काही न खाता सावलीला नुसताच बसायचा. ईदनंतरही काही जण सहा रोजे धरतात, हे श्रेयसला ठाऊक होतं. त्याच्यासमोर कशाला, म्हणून तो आपला डबा गाडीत बसून खायचा.

बेल्ट आला. श्रेयसनं हौसेनं स्वतःच तो फुजैलच्या कमरेला बांधला. शेवटच्या भोकापर्यंत आवळला, तरी ढिलाच.

"रोजे धरून केवढा वाळलास रे!"

"रोजे ईदलाच खलास, सर. बेल्ट बसला नाय तर घरी पाठवतील, म्हनून मी जेवान तोडलं."



फुजैलनं नवा पट्टा चाचपून पाहिला आणि हळूच विचारलं, "मग आता जेवू ना, सर?"