धुतलेली नाणी

सराफानं पहिलं नाणं भिंगाखाली धरलं आणि खाली ठेवलं. दुसरं उचललं. तेही ठेवलं. तिसऱ्याला त्याचा हात नाण्यापर्यंत गेला आणि तसाच मागे आला.

टेबलावर एकोणीस जुनी चिनी चांदीची नाणी मांडली होती. नुकत्याच घासलेल्या वाट्यांसारखी लखलखत होती.

“वहिनी, ही कोणी धुतली?”

“मीच.” तिचा चेहरा उजळला. “दोन दिवस लागले हो. आधी दंतमंजन, मग लिंबू, मग मऊ फडकं. काळीठिक्कर पडली होती. म्हटलं, तुम्ही एवढे लांबून येणार, तुमच्यापुढे अशी कशी ठेवायची? आता बघा, ड्रॅगनचा खवला न् खवला मोजून घ्या!”

तोंडात देवाचं नाव आणि हातात फडकं, असे तिचे दोन दिवस गेले होते. कितीतरी महिन्यांनी घरात काहीतरी चांगलं होतंय असं तिला वाटलं होतं.

सराफानं घडीचं भिंग मिटलं.

खिडकीपाशी तिचा नवरा खुर्चीत बसला होता. घसरू नये म्हणून कमरेभोवती मऊ पंचा बांधलेला. वजनमापं खात्यात त्यानं जन्मभर लोकांचे तराजू तपासले आणि पगारातून एकेक करून ही नाणी घेतली, बरीचशी याच सराफाकडून. कपाटाला तिनं हात लावायचा नाही, हा घरातला कायदा. चाळीस वर्षं ती कपाटाच्या भोवतीनं केर काढत आली. आता कायदा करणाऱ्यालाच ती कोण ते आठवत नव्हतं. तो तिला ‘बाई’ म्हणायचा. आधी ती रडायची. हल्ली ‘ओ’ देत होती.

“वहिनी, तो काळेपणा...” सराफ शब्द शोधत राहिला. “तोच तर भाव होता.”

“मळाचा भाव?”

“मळ नव्हे हो तो. शंभर वर्षांत चांदीनं आपल्या अंगावर पांघरलेलं असतं ते. उजेडात तिरकं धरलं की निळं, जांभळं दिसतं. साहेब तासन् तास बघत बसायचे. एकदा घासलं की गेलं. परत येत नाही.”

“म्हणजे थोडं कमी येईल.”

“वजनावर घ्यावी लागतील.”

“भांड्यांसारखी?”

सराफानं भिंग खिशात टाकलं. मग मान हलवली. “भांड्यांसारखी.”

तिनं घाईघाईनं रुमालाची गाठ सोडली. “आणि हे सोन्याचं? अस्वलाचं?” शेंगदाण्याएवढं नाणं होतं, त्यावर बांबू खाणारा पांडा. “प्लॅस्टिकची बंद पिशवी पिवळी पडली होती त्याची. ती कापून टाकली मी, आणि यालाही जरा...”

सराफानं डोळे मिटून घेतले.

“दुसऱ्या कोणाला दाखवली तर? तुम्ही बोलला नसता तर कळलं असतं का हो कोणाला?”

“दुसराही भिंग घेऊनच बसतो, वहिनी.”

त्यानं पिशवीतून तराजू काढला. जुना, पितळी. दांडीवर तपासणीचा शिक्का होता. तो कोणी मारला होता ते दोघांनाही माहीत होतं, म्हणून दोघांनीही तिकडे पाहिलं नाही. वजन झालं. सराफानं कागदावर आकडा लिहिला, खोडला, थोडा वाढवून पुन्हा लिहिला.

एवढ्या पैशांत नवऱ्याला उचलायला-बसवायला माणूस किती महिने ठेवता येईल? तिच्या कमरेनं तर हात टेकले होते. तिनं बोटं मोजायला घेतली. दुसऱ्या हाताची गरजच पडली नाही. गावाबाहेरच्या संस्थेत एक पलंग रिकामा झाला होता. लेकीनं तिथं नाव घालून ठेवलं होतं. सोमवारी यांना आणून सोडा, नाहीतर पलंग दुसऱ्याला जाईल, असा निरोप होता. निरोपाचा कागद तिनं नाण्यांच्या भरवशावर चुलीत घालायचं ठरवलं होतं.

नाणी थैलीत पडू लागली. त्या आवाजानं नवऱ्याची मान वळली.

“इकडे,” तो म्हणाला आणि हात पुढे केला.

सराफानं तिच्याकडे पाहिलं. तिनं एक नाणं नेऊन त्याच्या पुढे धरलं. ज्या हाताला चमचा धरवत नव्हता, त्या हातानं ते अगदी कडेनं उचललं. दोन बोटांत, पृष्ठभागाला कुठं स्पर्शही न होता. त्यानं ते खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. एकदा या अंगानं, एकदा त्या.

“धुतलंय,” तो म्हणाला. स्पष्ट, पूर्वीच्या आवाजात. “कोणी धुतलं?”

सराफ थैलीचा बंद बांधत राहिला.

ती खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली. “बाईनं.”

“कोण बाई?”

“कामाला आहे ती.”

“काढून टाका तिला.”

तिनं त्याच्या हनुवटीवरची लाळ रुमालानं टिपली.

“सोमवारी काढते,” ती म्हणाली.

त्याचं समाधान झालेलं दिसलं. त्यानं नाणं तिच्यापुढे केलं.

“कडेनं धरा.”

तिनं कडेनं धरलं.