मुंगी वाकेल अशी गाडी

"दाजी, गाडी अशी खाली बसवतो की खालून जाताना मुंगीलासुद्धा वाकावं लागेल," मेहुणा म्हणाला. याच मेहुण्याने सासरेबुवांसमोर माझ्या उंच गाडीला 'उंट' म्हटलं होतं आणि सगळं सासर पोट धरून हसलं होतं.

आता त्याला माझाच सल्ला हवा होता, कारण मी गाड्यांच्या पार्टचं दुकान चालवतो.

"बुटके स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, दोन्ही घ्यायचे तर खिसा फाटतोय. स्वस्तात काही जमेल का?"

"न जमायला काय झालं," मी गोड आवाजात म्हणालो. "शॉक आहेत तेच ठेव. स्प्रिंगचे तेवढे दोन वेढे कापून टाक." अशा गाडीत प्रत्येक खड्डा थेट मणक्यात उतरतो, हे मी पोटातच ठेवलं.

रविवारी साहेब गाडी दाखवायला आले आणि माझ्या दारापुढच्या गतिरोधकावर गाडीचं पोट टेकून अडकले. मी गॅलरीत उभा राहून मनसोक्त हसलो.

"हसताय काय दाजी, मागून उचला की जरा."

मी खाली गेलो, बंपरला हात घातला, गाडी सुटली आणि माझ्या कमरेत कट्कन आवाज झाला. माझा उंट नेमका दुरुस्तीला गेलेला. मला मेहुण्याच्या गाडीत आडवं घातलं. वाटेतला एकही खड्डा मला चुकला नाही.



दवाखान्याच्या फाटकातल्या गतिरोधकावर गाडी पुन्हा अडकली, तेव्हा वजन कमी करायला मला खाली उतरवण्यात आलं.