जांबाची गुटी

त्या दिवशी पुनम पाला न्यायला आली ती वेगळंच मागणं घेऊन. शेजारची ही सून पेरूच्या झाडाखाली उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, आमाला ह्या जांबाची एक गुटी बांधून द्या. आमच्याच दारात झाड झालं म्हंजे रोज तुमाला तरास न्हाई."

शिवगंगाबाई तोडलेली कोवळी पानं हातात धरून थांबल्या. पुनमच्या सासूचं, विठाबाईंचं, वरचेवर तोंड येई. त्यासाठी पुनम रोज पानं न्यायची. पानं किती वेळ उकळायची, गुळण्या कोमट पाण्यानेच का करायच्या, पेरूत संत्र्यापेक्षा क जीवनसत्त्व जास्त कसं, हे सगळं शिवगंगाबाईंनी तिला सांगितलं होतं. काही गोष्टी दोनदा. तेवढ्यात चहा व्हायचा. औशातल्या त्या घरात दिवसभरात तेवढंच बोलणं होई.

त्यांनी नाही म्हटलं नाही. चाकू आणला. पेन्सिलीएवढी फांदी निवडून तिची बोटभर साल गोल काढली आणि त्यावर ओलं शेवाळ दाबून बसवलं. पुनमने प्लास्टिकचा तुकडा पुढे केला. तिने मोबाइलवर पाहिलं होतं, प्लास्टिकने बांधलं की ओल आतच राहते, फांदीला मुळ्या फुटेपर्यंत बघावं लागत नाही.

हे शिवगंगाबाईंनाही माहीत होतं.

"गोणपाटच बरं," त्या म्हणाल्या. "रोज पाणी घालावं लागंल मात्र. माझ्यानं न्हाई व्हायचं ते."

"मग पालाच बरा होता की, काकू," पुनम हसली.

शिवगंगाबाईही हसल्या. गोणपाट गुंडाळून सुतळीची गाठ मारली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.

बाहेर आल्या तेव्हा पुनम घरून सलाइनची रिकामी बाटली घेऊन आली होती. सासूला लावलेली. तिचं बूड कापून पुनमने ती वरच्या फांदीला उलटी टांगली, पाणी भरलं, नळीचं टोक गोणपाटात खोचलं. नळीवरची चाकी फिरवत फिरवत धार अगदी बारीक केली. एक थेंब पडला. बऱ्याच वेळाने दुसरा.

"आमच्या शेतात असंच करतेत. दोन दिवस पुरंल. रिकामी झाली की हाक मारा, यिऊन भरते."

पानं घेऊन ती गेली. चहाला थांबली नाही.

शिवगंगाबाईंनी गॅस बंद केला. परत झाडाखाली येऊन त्या पडणारा एकेक थेंब बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी चाकीवर अंगठा ठेवला आणि ती हळूच वर सरकवली. थेंब भरभर पडू लागले.