खांबातला कोनाडा

"काका, या खांबातून वाळू गळतेय," दमयंती खांबाला कान लावून म्हणाली.

"गिलावा शाबूत आहे," मुकादम भिवाकाका म्हणाले. "चुन्याला जंतू शिवत नाहीत."

खाणीत सोडलेले जंतू दगडातलं शिसं खायचे आणि चांदी तेवढी मागे ठेवायचे. छत पेलणारे खांबही त्याच दगडाचे, म्हणून त्यांना चुन्याचा गिलावा दिलेला.

तिने दिवा फिरवला. खंडेनवमीला काकांनी गिलावा कोरून कोनाडा केला होता आणि त्यात शिशाचा चमकदार खडा पुजला होता. आता हळदकुंकवाखाली चांदीची नुसती जाळी उरली होती. कोनाड्याची मागची बाजू बोट लावताच भुरभुरली.

"एकाच खांबाला कोनाडा केलात ना?"

काका छताकडे बघत राहिले. "बाकीचे खांब बिनपूजेचे कसे ठेवायचे, पोरी?"