उलट्या पिळाची तार

हवेच्या दाबाचा काटा पाचावरून साडेतीनवर आला आणि इल्सू मिस्त्री ओरडला, "पंप बंद! बंद कर म्हणतो ना!"

नळी थांबली. खोलीचा निम्मा कोबा ओतून झाला होता. त्याखाली इल्सूने दोन दिवस गुडघे झिजवून अंथरलेले गरम पाण्याचे पाइप होते. ओतताना कुठे भोक पडलंच तर कळावं म्हणून पाइपांत हवा भरून ठेवतात. ती हवा आता कुठूनतरी निसटत होती, आणि भोक होतं ओल्या मालाखाली.

"वीस मिनिटं!" गाडीवाला अंगणातून बोंबलला. "मग नळीत दगड होईल. नळीतही आणि तुमच्या खोलीतही!"

हे काही खोटं नव्हतं. कोबा धरला की सगळा फोडायचा, आणि गांगवॉनच्या डोंगरात नोव्हेंबर लागल्यावर फोडलेला कोबा वसंतापर्यंत पुन्हा कोणी ओतत नाही. इथे माणसं जमिनीवर जेवतात, जमिनीवरच झोपतात. जमीन गार तर घर कसलं? घर मालसून आजीचं, आणि आजी ब्याऐंशीची. आठवडाभर ती स्वयंपाकघरात विजेच्या गोधडीवर झोपत होती. त्यावर अख्खा हिवाळा काही निघाला नसता.

इल्सूने मात्र भोक शोधायच्या आधी माणूस शोधला. तो समोरच उभा होता. प्यो, माल पसरवणारा.

"लाकडी फावडं आण म्हटलं होतं ना तुला? लोखंडी आणलंस!"

"फावडं लागलं असतं तर माझ्या हाताला कळलं असतं, मिस्त्री."

"कळलंच असेल! म्हणून तर गप्प आहेस."

तीन वर्षांपूर्वी गावच्या वृद्ध-सभागृहाचं काम इल्सूच्या हातून निसटलं होतं. प्योनेच कुणाच्यातरी कानाला लागून ते घालवलं, असं इल्सूच्या मनाने घेतलं होतं. पुरावा काडीचा नव्हता. पण संशयाला पुरावा कशाला लागतो? तेव्हापासून तो प्योला पाण्यात पाहत होता.

"माझं नाव घालवायला आलास तू," इल्सू म्हणाला. "उद्या खोरंभर सांगशील, इल्सूचे पाइप गळतात."

प्योने फावडं भिंतीला टेकवलं. मालातून फताक फताक पाय टाकत तो दाराकडे निघाला. उंबऱ्यापाशी वाकून त्याने बूट वर ओढला आणि स्वयंपाकघरात गेला. वा रे वा! खोलीला आग लागलीय, आणि हा बूट सावरतोय! सरकदाराच्या फटीतून इल्सूला दिसलं: प्यो आजीच्या कानाशी लागून काहीतरी कुजबुजत होता. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! आधीच जाऊन आपली बाजू मांडतोय लेकाचा.

"पंधरा मिनिटं!" बाहेरून आवाज आला.

तेवढ्यात काठी टेकत आजीच दारात आली.

"इल्सू, बाळा, त्याच्यावर ओरडू नकोस. मीच केलं ते."

"काय केलंत?"

"सकाळी तुम्ही कॉफी पीत होतात ना, तेव्हा खोली बघायला आले. काठी रुतली इथे, उंबऱ्याजवळ. लाज वाटली, म्हणून बोलले नाही."

या गावात वर्षाने मोठ्या माणसासमोरसुद्धा लोक तोंड फिरवून दारू पितात. ब्याऐंशीच्या बाईला कोण काय बोलणार! इल्सूने उंबऱ्यापाशी गुडघे टेकले. बारीक बुडबुडे येत होते. त्याने दोन्ही हातांनी माल उपसला, पाइप पुसला आणि भोक निरखलं.

काठीने असं भोक पडत नाही. ते सुईएवढं होतं, आणि त्याच्या शेजारीच पाइप बांधायच्या तारेचं टोक उभं होतं. वाकवून दाबायचं राहून गेलेलं, माल पडताच पाइपात घुसलेलं. तारेला पीळ उलटा होता. इल्सू डावखुरा. असा पीळ देणारा अख्ख्या खोऱ्यात तो एकटाच.

"हा घ्या कटर," वरून प्यो म्हणाला. तो केव्हा परत आला होता कोण जाणे.

इल्सूने घाईघाईने टोक तोडून हातमोज्यात लपवलं आणि हळूच वर पाहिलं. प्यो छताकडे बघत होता.

भोकाचा तुकडा कापला. पितळी जोड बसवला. प्योने पाइप धरून ठेवला, इल्सूने पान्याने आवळला. माल लागू नये म्हणून वरून चिकटपट्टी गुंडाळली. हवा भरली. काटा पाचावर गेला आणि तिथेच राहिला. पंप पुन्हा धडधडू लागला. मग दोन तास दोघं राबले, आणि कोबा आरशासारखा झाला.

हात धुवून इल्सू स्वयंपाकघरात गेला. आजी किमचीसाठी कोबी चिरत होती.

"आजी, तुम्ही खोटं बोललात."

"बोलले."

"का पण? चूक माझी होती. नशीब, त्या प्योला कळलं नाही. नाहीतर..."

आजीने सुरी खाली ठेवली.

"अरे वेड्या, मला पाइपातलं काय कळतंय? शपथ घातलीय त्याने मला, पण या वयात दिवसाला एक खोटं पुरे. तोच आला होता सांगायला. 'आजी, बूट ओढायच्या निमित्ताने चाचपलं. भोक उंबऱ्यापाशी आहे आणि उलट्या पिळाची तार मिस्त्रींची आहे,' म्हणाला. 'मी सांगितलं तर ते ऐकायचे नाहीत. आणि ऐकलंच, तर पुन्हा कधी मान वर करायचे नाहीत. तेवढं तुम्ही अंगावर घ्या.'"