टाळांवरची धूळ

श्यामबाजारचे भवतोषदा रेकॉर्ड धुवायला बसले की तान्ह्या बाळाच्या अंघोळीला नसते एवढी तयारी असते: उकळून गार केलेलं पाणी, थेंबभर साबण, मखमलीचा तुकडा. सध्या कीर्तनाची एकच रेकॉर्ड ते रोज धुताहेत. तिच्यापायी सुईसुद्धा बदलून झाली.

"त्या दुकानदाराने मला फसवलं रे," ते म्हणाले. "खाचांत धूळ भरलीय. मागचे टाळ ऐकूच येत नाहीत."

रेकॉर्ड लागली. टाळ लख्ख वाजत होते. चहा घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोचं, आमच्या बौदींचं, बोट ट्रेवर त्याच तालात पडत होतं.

दादांनी कान स्पीकरला टेकवला. "धूळच आहे ना गं? दुसरं काही नाही ना?"

बौदींचं बोट थांबलं. "दुसरं काय असणार? उद्या परत धुवा."

"अहो दादा, टाळ तर..." मी तोंड उघडलं.

बौदींच्या घरी पाहुण्याला एकच रसगुल्ला मिळतो, हे सगळ्या गल्लीला पाठ आहे. माझ्याकडे न बघता त्यांनी माझ्या वाटीत दुसरा सोडला.